पापणीचं गवत: माळावरचं अंजन ओळखायचं कसं

चार वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यात आष्टीकडच्या आमच्या मुरमाड तुकड्यावर मी अंजन गवत पेरलं. म्हणजे अंजन समजून पेरलं. पिशवीवर तेच नाव होतं, दुकानदारानंही तेच सांगितलं. पाऊस बरा झाला, गवत छातीला लागलं, वर पांढरे-गुलाबी कापसासारखे तुरे डुलायला लागले. शेजारचे बघून गेले, वडिलांनी दोनदा कौतुक केलं. पुढच्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडून आठ दिवस झाले तरी त्या तुकड्यात एकही ठोंब हिरवा झाला नाही. पायानं ढकललं तर वाळलेली ताटं मुळासकट आडवी झाली. अंजन बहुवर्षायू आहे, एकदा लागलं की वर्षानुवर्षं बुडातून फुटतं. हे तर एका हंगामात संपलं होतं. दुकानदार म्हणाला, "अंजनच होतं, तुमच्याकडं पाऊस कमी."

ते दीनानाथ गवत होतं. चारा म्हणून ते वाईट नाही, पण ते वर्षायू आहे, आणि मला हवं होतं ते हे नव्हतं. जास्त लागलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. खरं अंजन त्याच तुकड्याच्या बांधावर उभं होतं आणि बांध स्वच्छ दिसावा म्हणून दर दिवाळीला मीच ते विळ्यानं साफ करत होतो.

तेव्हापासून मी गवताचा तुरा बघून नाव घेणं सोडलं. आता दोनच गोष्टींवर विश्वास ठेवतो: कणसातून गळणारा एक झुपका आणि जमिनीलगतचं बूड. बाकीच्या खुणा मदतीला असतात, पण निकाल या दोघांवर लागतो. पुढं जे लिहिलंय ते याच क्रमानं करून बघा. एका ठोंबाला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

आधी नावाचा घोळ

गावात "अंजन कुठं आहे?" असं विचारलंत तर कोणी तुम्हाला झाडाखाली नेऊन उभं करील. अंजन नावाचा एक मोठा वृक्ष कोरड्या जंगलात असतो, त्याची पानं जोडीजोडीनं, आपट्याची आठवण करून देणारी. सह्याद्रीत निळ्या-जांभळ्या फुलांची अंजनी असते, ती आणखी वेगळी. राजस्थानात आपल्या गवताला धामण म्हणतात. ते नाव इकडं घेतलंत तर निम्मे लोक साप शोधतील आणि उरलेले धामण नावाचं झाड दाखवतील. त्यामुळं नावावरून गवताकडं जाऊ नका. गवत हातात घ्या, मग नाव ठरवा.

शास्त्रीय नाव मात्र एकदा पाठ करून ठेवण्यासारखं आहे: सेन्क्रस सिलियारिस. लिनियसनं १७७१ मध्ये ठेवलेलं. सिलियारिस म्हणजे पापणीसारखी केसांची झालर असलेलं. या गवताची सगळ्यात भरवशाची खूण त्या एका शब्दात आहे, ती पुढं येईलच. पापणी आणि अंजन हे दोन शब्द एकाच गवतावर कसे येऊन बसले कोण जाणे, पण मला तो योगायोग आवडतो आणि खूण लक्षात ठेवायला उपयोगी पडतो.

काही पुस्तकांत हेच गवत पेनिसेटम या नावाखाली सापडेल. बाजरीही पूर्वी पेनिसेटममध्येच होती. आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोन्ही कुळी एकत्र करून सेन्क्रस हे नाव कायम ठेवलं आहे, म्हणून नव्या पुस्तकांत बाजरीही सेन्क्रसच. थोडक्यात, अंजन ही बाजरीची रानातली चुलत बहीण. ज्यानं बाजरी काढली आहे त्याच्या डोळ्यांना अर्धी ओळख आधीच असते.

मूळचं हे आफ्रिका, अरबस्तान ते पश्चिम भारत या कोरड्या पट्ट्यातलं. थरच्या वाळवंटातल्या कुरणांच्या मुख्य गवतांपैकी ते एक आहे आणि दख्खनच्या कमी पावसाच्या माळांवरही ते आपसूक येतं. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात मात्र त्याच गवतानं उच्छाद मांडला आहे. तिकडच्या वाळवंटी झाडोऱ्याला आगीची सवय नाही, आणि हे गवत वाळलं की पेटतं, जळून पुन्हा फुटतं. इंटरनेटवर अंजनाविषयी वाचाल तेव्हा "उपटून टाका" असा सल्ला देणारं पुष्कळ मिळेल. तो तिकडचा सल्ला आहे. आपल्या माळावर ते घरचंच आहे.

कधी जायचं, काय न्यायचं

श्रावण ते कार्तिक हा काळ सोयीचा. एकाच ठोंबावर कोवळं कणीस, पिकलेलं कणीस आणि झुपके गळून रिकामा झालेला दांडा असं तिन्ही मिळालं की ओळख सोपी होते, आणि हा योग बहुधा भाद्रपद-आश्विनात येतो. अवकाळी पाऊस झाला तर अंजन उन्हाळ्याच्या तोंडावरही कणीस काढतं.

जवळ खुरपं, सहा इंची पट्टी, जुनी वर्तमानपत्रं आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग असू द्या. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं भिंगही चालतं. भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढं धरून फोटो काढला की झुपक्यातले केस चांगले दिसतात. झुपक्याखाली पांढरा कागद ठेवा, काळ्या मातीवर काही कळत नाही.

जागा काय सांगते

बीडच्या पश्चिमेला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार इकडं बालाघाटच्या उतारावर जमीन हलकी, मुरमाड. पाणी पडलं की निथळून जातं. अंजनाला हीच जमीन मानवते. बांध, रस्त्याची कड, ओढ्याकाठची वाळूमिश्रित पट्टी, जुन्या वाड्याचं पडीक आवार इथं ते शोधा. चुनखडीचं त्याला वावडं नाही.

ज्या माळावर शेळ्या-मेंढ्या रोज असतात तिथं उघड्यावर हे गवत दिसायचं नाही, कारण जनावर ते आधी खातं. बोराटीच्या जाळीत, बाभळीच्या पडलेल्या काट्यांमध्ये, निवडुंगाच्या आडोशाला बघा. तोंड पोचत नाही तिथं ते वाचलेलं असतं. मला आमच्या भागातले सगळ्यात चांगले ठोंब एका मेंढपाळ तात्यांनी दाखवले. त्यांना नाव माहीत नव्हतं. "मेंढरू याच्यावर थांबतं," एवढंच म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं.

परभणी-नांदेडच्या गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत, विशेषतः चिबड रानात, पाणी साचतं तिथं अंजन शोधण्यात वेळ घालवू नका. तिथं मारवेल आणि कुंदा भेटतील. अर्थात काळ्या रानातही बांधाचा उंचवटा कोरडा असतो, तिथं एखादा ठोंब निघू शकतो. जागेवरून अंदाज करा, निकाल देऊ नका.

सुरुवात बुडापासून

सगळे वर कणसाकडं बघतात. तुम्ही आधी खाली बसा.

अंजन ठोंबानं वाढतं. एका बुडातून अनेक फुटवे निघतात. हरळीसारखे जमिनीवर धावणारे लांब धागे त्याला नसतात. फुटवे बाजूला करून जमिनीलगत बोटं फिरवा. तिथं गाठीगाठींचा, लाकडासारखा कठीण बुडखा लागला पाहिजे. काड्यांची बुडं थोडी फुगीर असतात. त्यात मागल्या वर्षाच्या कापलेल्या, राखाडी पडलेल्या खुंट्या अडकलेल्या दिसतील. नव्या हिरव्या काड्यांच्या बुडाशी जुन्या मेलेल्या खुंट्या असल्या की गवत बहुवर्षायू आहे असं धरायला हरकत नाही. वर्षायू गवताकडं मागलं वर्ष नसतंच, त्यामुळं त्याचं बूड स्वच्छ असतं.

मग मुठीत आठ-दहा काड्या धरून सरळ वर ओढा. वर्षायू गवत थोड्या जोरात मुळ्यांच्या छोट्या झुबक्यासह हातात येतं. अंजनाच्या काड्या तुटतील, बुडखा हलणार नाही. त्याची मुळं खोल जातात, दोन मीटरपर्यंतही. मला जर पेरणीच्या वर्षी दिवाळीत ही एक ओढ सुचली असती, तर पुढचं वर्ष फुकट गेलं नसतं. पण एक लक्षात ठेवा, पहिल्याच वर्षाच्या अंजनाच्या रोपालाही जुन्या खुंट्या नसतात. त्यामुळं खुंट्या नाहीत म्हणून लगेच "अंजन नाही" म्हणू नका, तेव्हा झुपक्याकडं जायचं.

पाऊस नुकताच झाला असेल तर नाही, पण जमीन वाळलेली असताना ही ओढ खरी ठरते.

काडी आणि पान

काडी बारीक, चिवट. खालच्या एक-दोन पेरांपाशी गुडघा दुमडल्यासारखी वाकते आणि मग सरळ उठते. वरच्या पेरांतूनही तिला फांद्या फुटतात. उंची जागेप्रमाणं बदलते: चरलेल्या माळावर घोट्याएवढं, राखलेल्या बांधावर कंबरेएवढं, चांगल्या जमिनीत दीड मीटर. म्हणून उंचीवरून काहीही ठरवू नका.

पान ३ ते ३० सेंटिमीटर लांब आणि २ ते १३ मिलिमीटर रुंद असतं, टोकाकडं निमुळतं होत जातं. रंग हिरवा, बऱ्याचदा निळसर झाक असलेला. आता पान खोडापासून हलकेच मागं वाकवा आणि पान जिथं काडीला मिठी मारतं तो सांधा भिंगातून बघा. ज्वारीच्या पानाच्या त्या जागी पातळ पापुद्रा असतो. अंजनाला तिथं बारीक पांढऱ्या केसांची झालर असते, अर्ध्या ते तीन मिलिमीटरची. बाजरीलाही तिथं केसांचीच झालर असते, कारण घराणं एक. अशी झालर इतर पुष्कळ गवतांना असते, तेव्हा तिच्यानं होकार मिळत नाही, पण पापुद्रा दिसला तर नकार मात्र पक्का मिळतो.

कणीस: इथं घाई करू नका

अंजनाचं कणीस एकटं, सरळ, लांबट गोल, बाटली धुवायच्या ब्रशसारखं. लांबी २ ते १४ सेंटिमीटर, रुंदी केसांसकट एक ते अडीच सेंटिमीटर. रंगावर भुलू नका. एकाच बांधावर मला जांभळट, भुरं, राखाडी आणि वाळलेल्या काडीच्या रंगाचं अशी चारही कणसं मिळाली आहेत. कोवळेपणी जांभळं असलेलं कणीस पिकताना फिकं पडतं.

पिकलेलं कणीस चिमटीत धरून टोकाकडून बुडाकडं हलकेच ओढा. झुपके सुटून हातात येतील. बोटांना खरबरीत लागेल पण काटा टोचणार नाही. कागदावर ते झुपके पसरा आणि मागं राहिलेला दांडा आधी बघा. तो सरळ नसतो, कणाकणानं डावी-उजवीकडं मुरडलेला, नागमोडी असतो आणि नखाला खरखरीत लागतो. रानात दिवाळीनंतर सगळे झुपके उडून गेलेले असले तरी हा नागमोडी दांडा उभा असतो. कणीस नसतानाही त्यावरून बराच अंदाज येतो.

आता एक झुपका घ्या. हा झुपका म्हणजे एक बी नाही. मध्ये एक ते चार कणिशका, म्हणजे दाणा धरणारी बारीक फुलकणसं, असतात आणि भोवती केसांचं कडं असतं. झुपका गळतो तेव्हा हे केस कणिशकांबरोबरच गळतात, दांड्यावर राहत नाहीत. ही पहिली मोठी खूण.

भिंग डोळ्याजवळ आणा, झुपका भिंगाजवळ आणा. बाहेरचे केस आखूड आणि बारीक दिसतील. आतले लांब, ६ ते १६ मिलिमीटर, लवचीक आणि थोडे नागमोडी. त्यातला एक बाकीच्यांपेक्षा ठळकपणे लांब आणि जाड असतो, झुपका कसाही फिरवला तरी तो लपत नाही. आता आतल्या केसांचा खालचा अर्धा भाग बघा. त्या केसांनाच आडवे बारीक, रेशमी केस असतात, पिसाला असतात तसे. हीच ती पापणी. वरच्या अर्ध्यात ही पिसं नसतात, तिथं केस फक्त खरबरीत.

शेवटी टाचणीनं झुपक्याचं बूड उकला. केस एकमेकांना फक्त अगदी बुडाशी चिकटलेले असतात, बारीक चकतीसारखे. चकतीच्या वर लगेच ते मोकळे होतात. चकती की पेला, हा प्रश्न पुढच्या सारख्या दिसणाऱ्या गवताच्या वेळी उपयोगी येतो.

केस कणिशकांबरोबर गळतात, आतले केस खालच्या बाजूला पिसासारखे आहेत, बुडाशीच जोडलेले आहेत आणि ठोंबाला गाठाळ बुडखा आहे, एवढं जुळलं की ते अंजन. यातली एक जरी गोष्ट जुळली नाही तर थांबा.

फसवणारी मंडळी

पहिला आणि सगळ्यात जवळचा म्हणजे सेन्क्रस सेटिजेरस, ज्याला राजस्थानात मोडा धामण म्हणतात. तोही बहुवर्षायू, त्याच जमिनीतला, जनावरांच्या तोंडचा. बुडावरून वेगळा काढता येत नाही. कणीस मात्र ब्रशसारखं फुलारलेलं नसतं. ते अरुंद, गच्च, मण्यांच्या माळेसारखं, बऱ्याचदा काळपट जांभळं असतं. भिंगाखाली शंका राहत नाही: केस आखूड, चपटे, ताठ, कणिशकांहून फारसे लांब नाहीत, त्यांना पापणी नाही, आणि खाली ते एकमेकांना जोडून छोटा पेला झालेला असतो. चाऱ्यासाठी राखायचं असेल तर दोन्ही राखा. बी विकत घेताना किंवा कोणाला देताना मात्र नाव नीट सांगा.

दुसरं माझं दीनानाथ. हेही त्याच घराण्यातलं, आफ्रिकेतून चाऱ्यासाठी आलेलं. याच्या केसांनाही पापणी असते, किंबहुना फार असते, म्हणून नुसत्या पापणीवर गेलात तर फसाल. अंजनाच्या झुपक्यात केस मोजता येतात, दीनानाथाचा झुपका कापसाच्या बोळ्यासारखा लोकरी असतो आणि कणीस लांबून पांढरं-गुलाबी चमकतं. झुपका उकलला तर आतल्या कणिशकांपैकी निदान एक बारीक देठावर बसलेली दिसते. पान रुंद, काडी मऊ रसाळ, आणि ओढलं की मुळासकट येतं.

तिसरी राळ्याच्या जातीची रानगवतं. राळा ज्यांनी पेरलेला पाहिलाय त्यांना ही कणसं ओळखीची वाटतील. यांच्या कणसातही केस असतात, पण दाणा गळून गेल्यावर केस दांड्यावरच राहतात. पिकलेलं कणीस हातात चोळा: दाणे खाली, केस वर, तर राळ्याचं नातलग. दाणे आणि केस एकत्र खाली, तर सेन्क्रस. भिंगाशिवाय होणारी ही सगळ्यात झटपट चाचणी आहे. यातल्या एका जातीच्या केसांना उलटे काटे असतात. ती धोतराला, शाळेतल्या पोरांच्या मोज्यांना आणि एकमेकांना चिकटते. अंजन असं चिकटत नाही.

वाळूच्या जागेत भुरट नावाचं वर्षायू सेन्क्रस असतं, थरमध्ये ते फार. त्याच्या झुपक्याला केस नाहीत, काटे आहेत, आणि ते कपड्याला असं धरतं की बोटं रक्ताळतात. त्याचा घोळ होण्याचं कारण नाही. शहरात दुभाजकावर आणि बंगल्यांपुढं लांब जांभळट तुऱ्यांचं एक शोभेचं गवत लावतात, तेही नात्यातलं. त्याची पानं फार अरुंद, कडा आत वळलेल्या आणि तुरा अंजनाहून बराच लांब. बीसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

बाकीची आपली बहुवर्षायू गवतं लांबूनच वेगळी पडतात. मारवेलाचा तुरा टोकाशी बोटांसारखा फुटतो आणि पेरांवर पांढऱ्या केसांचं कडं असतं. कुसळी पिकली की तिची काळपट कुसळं एकमेकांत पिळून वेणी होते आणि धोतरातून मांडीपर्यंत जाते. डोंगरी गवताचा तुरा मोकळा, सोनेरी केसांचा. शेड्याला एकच कणीस असतं खरं, म्हणून नवखा गोंधळतो, पण त्याच्या कणिशकांना लांब कुसळ असतं आणि भोवती केसांचं कडं नसतं. रोशा गवत चुरगाळा, वासच सांगेल.

चैत्रात, काहीच नसताना

बी किंवा कुरण राखायचा विचार माणसाला सुचतो तो चारा संपल्यावर, म्हणजे नेमका ओळख अवघड असते तेव्हा. २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यात चारा छावण्या बघितलेल्या माणसाला हे सांगायला नको.

तेव्हा तीन गोष्टी बघा. ठोंबातल्या वाळक्या काड्यांच्या टोकाला नागमोडी दांडा शिल्लक आहे का? बुडखा गाठाळ आणि जागेवर घट्ट आहे का? आणि एक वाळकी काडी अगदी खाली जमिनीपाशी नखानं खरवडली तर आत हिरवटपणा दिसतो का? तिन्ही हो असतील तर त्या ठोंबाला आठवडाभर दोन-दोन तांबे पाणी घाला, भोवती काटे लावा. जिवंत असेल तर काही दिवसांत बुडातून निळसर हिरवे कोंब येतात. दीड-दोन महिन्यांत एखादं कणीसही निघतं आणि मग भिंग काढता येतं. मी एका वैशाखात अंघोळीचं पाणी घालून असं केलं. घरच्यांनी नावं ठेवली, पण कणीस आलं.

दाखवायला नमुना

स्वतःची खात्री झाली तरी एकदा जाणत्याला दाखवावं. फोटोवर फार भिस्त नको, फोटोत बूड आणि झुपक्याचं आतलं रूप येत नाही.

खुरप्यानं बुडख्याचा तुकडा, काडी, पानं आणि कणीस असं सगळं एकसंध काढा. लांब असेल तर इंग्रजी झेड अक्षरासारखं दुमडा. वर्तमानपत्रात पसरून वर जड पाट ठेवा, पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी धरते. सुटलेले झुपके कागदी पुडीत वेगळे घाला. चिठ्ठीवर तारीख, गाव, जमिनीचा प्रकार, ठोंबाची उंची आणि ताज्या कणसाचा रंग लिहा. वाळल्यावर रंग राहत नाही. असा नमुना जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेता येतो. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्रही आहे.

बी घेताना आणि राखताना

पिशवीतलं अंजनाचं बी म्हणजे तेच झुपके. विकत घेण्याआधी मूठभर बाहेर काढायला लावा आणि भिंग लावा. वर सांगितलेल्या सगळ्या खुणा सुट्या झुपक्यात शाबूत असतात, बुडख्याची सोडून. दुकानदाराला हसू येतं, येऊ द्यावं. मग दहा-वीस झुपके नखानं दाबून बघा, आत ज्वारीच्या कणीसारखा टणक दाणा लागतो का. अंजनाचे पुष्कळ झुपके पोकळ असतात आणि वजनाच्या भावानं आपण केस विकत घेतो. जोधपूरच्या काझरीनं, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनं, निवडलेलं मारवाड अंजन, झाशीच्या भारतीय कुरण व चारा संशोधन संस्थेचं बुंदेल अंजन अशी नावं बिल्ल्यावर दिसतात. नाव चांगलं आहे म्हणून भिंग खिशात ठेवू नका.

घरचं बी सगळ्यात बरं, कारण या गवताच्या बीतला कोंब बहुधा नर-मादी बीजांच्या संयोगाशिवाय तयार होतो आणि रोप हुबेहूब आईसारखं निघतं. म्हणजे ज्या ठोंबानं तुमचा दुष्काळ काढला त्याचीच पुढची पिढी मिळते. कणीस भुरकट होऊन झुपके हाताला सुटायला लागले की दंव उडाल्यावर ओरबाडून घ्या, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत टांगा. ताजं बी झोपेत असतं, काढल्या काढल्या पेरलं तर उगवत नाही आणि माणूस बियाण्याला दोष देतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबलं की झोप मोडते.

पेरायच्या आधी शंभर झुपके मोजून ओल्या गोणपाटाच्या घडीत ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका, दोन आठवड्यांनी कोंब मोजा. हेक्टरी ४ ते ६ किलो बी लागतं. कोंब कमी निघाले तर प्रमाण वाढवा. झुपके वाऱ्यानं उडतात म्हणून ओलसर माती किंवा वाळूत कालवून टाका आणि एक सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका. पाभरीनं पेरलेलं अंजन मी कुणाचंच नीट उगवलेलं पाहिलेलं नाही.

चारताना एक पथ्य: या गवतात ऑक्झलेट असतं, म्हणजे अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवणारा क्षार. देवणी, लाल कंधारी गुरांना किंवा उस्मानाबादी शेळ्यांना नेहमीच्या चरण्यातून सहसा बाधत नाही, पण बरेच दिवस उपाशी राहिलेलं जनावर कोवळ्या अंजनात एकदम सोडू नये. घोड्याला महिनोन् महिने फक्त हेच घालू नये, त्याच्या हाडांवर परिणाम होतो.

आमच्या बांधावर आता सहा ठोंब आहेत. दिवाळीला विळा मी दुसऱ्या टोकापासून लावतो. तणनाशक मारायला येणारा पोरगा दर वर्षी नवा असतो, म्हणून प्रत्येक ठोंबाशेजारी चुना लावलेला एक दगड ठेवलाय, आणि पंप पाठीवर घ्यायच्या आधी त्याला ते सहाही दगड हातानं मोजायला लावतो.